वायरवाले इन-इअर कसे पारखता? आधी आवाज की आधी कानातली बैठक?

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी,

इथे बऱ्याच जणांकडे वायरवाले इन-इअर (कानाच्या नळीत आत बसणारे इअरफोन) आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून विचारतो. नवी जोडी हातात आली की ती चांगली की वाईट हे तुम्ही कसं ठरवता? आणि कुठल्या क्रमाने?

परीक्षणं वाचायला घेतली की आवाजावर परिच्छेदच्या परिच्छेद असतात. बास (खालचे सूर) असा, मिड्स (मधले) तसे, ट्रेबल (वरचे) अमुक. मग शेवटी एक ओळ येते, 'कानाला आरामदायक', आणि परीक्षण संपतं. माझं मत असं की हा क्रमच उलटा आहे. इन-इअर कानाच्या नळीत नीट बसला नाही तर परीक्षणात वर्णन केलेला आवाज तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. एकाला भरदार वाटलेली जोडी दुसऱ्याला पोकळ वाटते, आणि बऱ्याचदा फरक जोडीत नसतो, टिपच्या, म्हणजे नळीत जाणाऱ्या रबरी टोपीच्या मापात असतो.

माझं काम मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून उतरवून काढायचं. म्हणजे दिवसभर कानात माणसांचं बोलणं. संध्याकाळी ख्यालगायन. त्यामुळे मला शब्द अन् शब्द स्वच्छ हवा आणि तानपुऱ्याचा खर्जही हवा. वायरच का, हा वाद कृपया इथे नको. चार्जिंग नाही, ऐकू येण्यात उशीर नाही, आणि बॅटरी थकली म्हणून चांगली वस्तू टाकून द्यावी लागत नाही. मला एवढं पुरतं.

सांगा, तुमची पद्धत काय?

निळावंती

वाचतेय. वाचनखूण साठवली.

गोफ

मूळ मुद्द्याला अनुमोदन. माझी पहिली चाचणी गाण्याची नसतेच. टोन जनरेटरचं कुठलंही ॲप घ्या, व्हॉल्यूम कमी ठेवा आणि ५० हर्ट्झचा शुद्ध सूर लावा. मग इन-इअर बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्याबरोबर सूर मोठा झाला तर सील, म्हणजे टिपने नळीचं तोंड हवाबंद करणं, गळतंय. काही फरक पडला नाही तर बैठक ठीक. हे दोन्ही कानांना वेगवेगळं करायचं, कारण एकाच माणसाच्या दोन नळ्या बऱ्याचदा एका मापाच्या नसतात. डावीकडे मध्यम टिप आणि उजवीकडे लहान, असं वापरायला काहीच हरकत नाही.

गाण्यावर हे नीट कळत नाही, कारण मेंदू मदतीला धावतो. खालचा मूळ स्वर गायब असला तरी वरच्या अधिस्वरांवरून (मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या वरच्या सुरांवरून) तो स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर बास गिटारची धून ओळखू येते ती त्यामुळेच. सील गळत असतानाही गाणं 'बरं वाटतंय की' असं वाटतं आणि आपण तसेच ऐकत राहतो. शुद्ध सुराला अधिस्वर नसतात, मेंदूला भरून काढायला सामग्रीच मिळत नाही.

अर्धविराम

गोफ, आत्ता करून पाहिलं. उजवीकडे दाबल्यावर सूर अक्षरशः उसळला. मोठी टिप लावली तर दोन्हीकडे सारखा. इतकी साधी चाचणी कुठल्याच परीक्षणात का नसते?

सूक्ष्म

मी थोडा असहमत आहे.

बैठक महत्त्वाची, मान्य. पण ती ज्याच्या त्याच्या कानाची गोष्ट. दुसऱ्याने लिहिलेलं वाचून मला माझी बैठक कळणार नाही. आवाजाचं तसं नाही, तो मोजता येतो. इन-इअर मोजायला जो कृत्रिम कान वापरतात त्याचं मानक १९८१ चं आहे, आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ६०७११. २०१० मध्ये त्याला ६०३१८-४ हा नवा क्रमांक मिळाला. सगळे साधारण एकाच साच्याच्या कानात मोजतात, म्हणून वेगवेगळ्या लोकांनी काढलेले आलेख (कुठला सूर किती मोठा वाजतो ते दाखवणारे) एकमेकांशी ताडून बघता येतात. त्यावर हारमन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी श्रोत्यांच्या पसंतीवरून काढलेली आदर्श आवाजाची रेघ ठेवा. जोडी हातात घेण्याआधीच बरेच पर्याय गळून पडतात.

एक गोष्ट नव्या वाचकांसाठी. आलेखात ३ किलोहर्ट्झच्या आसपास मोठा उंचवटा दिसतो तो दोष नव्हे. मोकळ्या कानाची नळी त्या पट्ट्यातले सूर आपोआप उचलून धरते. इन-इअरने नळीचं तोंड बंद केलं की तो उठाव जातो, म्हणून बनवणाऱ्याला तो परत घालावा लागतो. कमी घातला तर माणसाचा आवाज दबका आणि लांबून आल्यासारखा येतो. जास्त घातला तर गायिकेची तार सप्तकातली प्रत्येक जागा कानावर येऊन आदळते. आलेख वाचता यायला लागला की हे न ऐकताही बरंचसं कळतं.

कानोकानी

मी श्रवणतज्ज्ञ आहे, रोज लोकांच्या कानात डोकावते, म्हणून या धाग्यावर राहवलं नाही.

@सूक्ष्म, आलेख जरूर बघावेत. पण ८ किलोहर्ट्झजवळचा सुळका बघून कुठलीही जोडी बाद करू नका. इन-इअर आणि कृत्रिम कानाचा पडदा यांच्यामध्ये जी हवा उरते तिचा तो अनुनाद आहे. मोजणाऱ्याने जोडी किती खोल बसवली त्यावर तो सुळका पुढे-मागे सरकतो. तुमच्या कानात तो दुसऱ्याच जागी असेल, किंवा जाणवणारही नाही. १० किलोहर्ट्झच्या वर तर त्या जुन्या साच्यातल्या रेघेवर फार विसंबू नये. म्हणजे 'चमक', 'हवा', 'स टोचतो' या ज्या गोष्टींवर लोक सर्वात जास्त भांडतात, त्या नेमक्या अशा पट्ट्यात आहेत जिथे आलेख सगळ्यात कमी सांगतो आणि तुमचा स्वतःचा कान सगळ्यात जास्त.

आता बैठक. प्रौढ माणसाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते, पण सरळ नसते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, आतला दोन तृतीयांश हाडाचा. हाडावरची कातडी फार पातळ आणि हळवी. म्हणून 'दुखतं' एवढं सांगून उपयोग नाही, कुठे दुखतं ते बघा. नळीच्या तोंडाशी सगळीकडून ताण आल्यासारखं वाटत असेल तर टिप मोठी आहे. बाहेरच्या वाटीसारख्या खळग्यात एकाच बिंदूला ठणका लागत असेल तर इन-इअरचं कवच तुमच्या कानाच्या आकाराशी भांडतंय, आणि टिप बदलून ते भांडण मिटणार नाही. ती जोडी सोडून द्या. आत दडा बसल्यासारखं, विमानात बसल्यासारखं वाटलं तर हवेच्या छिद्राचा प्रश्न. काही जोड्यांत तसं छिद्र नसतं किंवा कानाला टेकून बंद होतं.

घालायची रीत: विरुद्ध हाताने डोक्यामागून कानाची पाळी वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते, मग इन-इअर थोडा फिरवत आत सरकवा आणि पाळी सोडा. काढताना झटक्यात ओढू नका, आधी किंचित फिरवून सील सोडवा. इन-इअर घालताना काहींना खोकला येतो. घाबरायचं कारण नाही, व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक शाखा कानाच्या नळीपर्यंत येते, ती चाळवली जाते.

पिंपळपान

कानोकानी, 'कुठे दुखतं ते बघा' हे वाक्य फ्रेम करून लावावं.

माझ्या कानाच्या नळ्या अगदी अरुंद आहेत. माझ्यासाठी पहिला आकडा नळकांडीच्या व्यासाचा, म्हणजे ज्यावर टिप चढवतात त्या नोझलचा. बाजारात ४ मिमीपासून ६ मिमीच्या वरपर्यंत असतात. जाड नोझल असेल तर सर्वात लहान टिप लावूनही ती माझ्या कानात जात नाही, मग आलेख कितीही सुरेख असो. परीक्षणं लिहिणाऱ्यांनी हा आकडा आणि कवचाचा एक फोटो बोटाशेजारी धरून दिला तरी आमच्यासारख्यांचे अर्धे कष्ट वाचतील. लहान कानाच्या लोकांना 'अतिशय आरामदायक' या शब्दांनी काहीही कळत नाही.

टिप्सबद्दल माझा अनुभव: फोम नळीचा आकार घेतो, म्हणून ताण कमी. बोटात चोळून बारीक करायचा, आत ठेवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. बाहेरचा आवाजही सिलिकॉनपेक्षा जास्त अडतो. पण वरचे सूर थोडे मऊ होतात, आणि फोम काही महिन्यांत मरतो. सिलिकॉन धुता येतं. त्यातही रुंद तोंडाच्या टिपमध्ये आवाज बहुधा मोकळा-उजळ लागतो, अरुंद तोंडाच्या टिपमध्ये वरचा भाग जरा दबतो. तेव्हा 'ही जोडी फार तीक्ष्ण आहे' असं लिहिणाऱ्याने कुठल्या टिपवर ऐकली ते लिहायलाच हवं.

शांतरस

छान चर्चा. मला एक सांगा, इन-इअर घालून चालायला लागलं की प्रत्येक पाऊल डोक्यात धपधप वाजतं. स्वतःचं बोलणंही रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं येतं. सील चांगलं असल्याची खूण म्हणायची की त्रास?

कानोकानी

@शांतरस, दोन्ही. पावलांचा आणि स्वतःच्या आवाजाचा हादरा हाडांतून नळीच्या भिंतींना पोचतो. एरवी तो नळीच्या उघड्या तोंडातून बाहेर निघून जातो. नळी बंद केली की खालचे सूर आत अडकतात आणि मोठे ऐकू येतात. गंमत अशी की इन-इअर हाडाच्या भागापर्यंत खोल गेला तर हा परिणाम कमी होतो, कारण थरथरणारा कूर्चेचा भाग मग मागे राहतो. श्रवणयंत्रांच्या क्षेत्रातले मीड किलियन यांनी स्थापलेल्या एटिमोटिकने १९९१ मध्ये ईआर-४ आणला तो असा खोल बसणारा, तीन झालरींच्या टिपचा. बाहेरचा आवाज अडवण्यात तो फार वरचा मानला जातो. पण इतकं खोल सगळ्यांना सोसत नाही. चालताना ऐकायचं असेल तर उथळ बसणारी, हवा थोडी जाऊ देणारी जोडी बरी. रस्त्यावर आजूबाजूचं ऐकू येणंही गरजेचं आहे.

तारवाली

मी रंगमंचावर गाते, तिथे हेच कानात असतं, म्हणून थोडं आमच्या बाजूने.

वायर कानावरून मागे घेऊन घाला. ज्या जोडीची वायर सरळ खाली लोंबते तीही बहुतेक वेळा डावी-उजवी बदलून कानावरून घेता येते, तेवढं गाणं ऐकताना डावं-उजवं उलटं होतं याचं भान ठेवा. कपड्याला वायर घासली की जी खरखर कानात येते ती अशाने बरीच कमी होते, आणि ओढ लागली तरी इन-इअर निसटत नाही. हनुवटीखालची सरकती कडी वर घेतली की आणखी फरक. तुलना करताना वायरची खरखर ही वेगळी नोंद म्हणून लिहा. खूप छान आवाजाची जोडी या एका कारणाने मी घालत नाही.

दुसरं, बैठक तोंड मिटून तपासू नका. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. 'आ'कार लावा, जांभई द्या, मान दोन्हीकडे वळवा, आणि मग गोफ यांचा ५० हर्ट्झचा सूर पुन्हा ऐका. गायकांसाठी मापाने इन-इअर बनवताना कानाचा साचा तोंड उघडं ठेवूनच घेतात ते याचसाठी.

आमच्या मांजराने मात्र वायरची चाचणी घेण्याचा विडा उचललाय, लोंबणारं काही दिसलं की झडप. सुटी होणारी वायर असलेली जोडी का घ्यावी याचं मांजराइतकं पटणारं उत्तर मला कुणी दिलेलं नाही :)

खुंटी

मांजराला माझाही नमस्कार!

आवाजाबद्दल कोणीच अजून गाण्याकडे वळलं नाही म्हणून लिहितो. मंद्रसप्तक यांनी खर्ज म्हटलं, तिथून सुरुवात. पुरुषी काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) लावलेल्या तानपुऱ्याचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झ आणि खर्ज त्याच्या निम्मा, ६९ च्या आसपास. पण जवारी उघडलेल्या, म्हणजे तारांचा झंकार खुलवलेल्या तानपुऱ्यात मूळ स्वरापेक्षा अधिस्वरच बोलतात. म्हणून एकट्या तानपुऱ्याची मुद्रणं इन-इअरच्या परीक्षेला फार चांगली. डोळे मिटून ऐकावं आणि बघावं की खर्जाची तार छेडल्यावर त्यातून वर सुटणारी अधिस्वरांची सळसळ अखंड येते का. मध्येच एखादा अधिस्वर उगाच पुढे येऊन शिट्टीसारखा वाजत असेल तर त्या जागी जोडीत सुळका आहे. सळसळ मध्येच नाहीशी होत असेल तर तिथे खड्डा. मला हे कुठल्याही आलेखापेक्षा लवकर कळतं, आणि ते माझ्या कानातलं असतं, कृत्रिम कानातलं नाही.

मग तबला. बायाँवरची घसीट ऐका. हात पुढे सरकतो तसा सूर सलग चढायला हवा. बास फुगवलेल्या जोडीत घसीटीचा एखादा टप्पा एकदम मोठा होतो आणि बाकीचा बुडतो. दायाँवर 'ना' आणि 'तीं' वेगळे ओळखू आले पाहिजेत, नुसते जोरात-हळू म्हणून नव्हे.

अवांतर: शाई (तबल्यावरचा काळा गोल) लावलेल्या चामड्याचे अधिस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ पूर्ण पटीत येतात हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं होतं. साध्या ताणलेल्या चामड्यात तसं होत नाही. तबल्याला नेमका सूर असतो तो त्यामुळे, आणि म्हणूनच इन-इअरने तो बिघडवला की लगेच कळतं.

सूक्ष्म

@खुंटी, तानपुऱ्याची चाचणी मनापासून आवडली. हळूहळू चढवत नेलेला शुद्ध सूर ऐकून सुळके शोधण्याचीच ही सुरेल आवृत्ती आहे.

पण दोन जोड्यांची तुलना करणार असाल तर एक अट पाळाच: दोन्हींचा मोठेपणा सारखा करा. एक जोडी दुसरीपेक्षा जरा जरी मोठी वाजत असेल तरी कान 'मोठी' म्हणत नाही, 'जास्त स्वच्छ, जास्त भरीव' म्हणतो. आणि आवाज कमी केला की खालचे सूर वरच्यांपेक्षा जास्त मागे पडतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं आहे. म्हणजे एक हळू आणि एक जोरात ऐकली तर बासची तुलना निरर्थक. १ किलोहर्ट्झचा सूर लावून दोन्ही सारख्या करा, मग गाणं.

पाऊलवाट

पण सुरुवातीला शंभर तास वाजवून 'मोकळी' करावी लागते ना जोडी? मी तर रात्रभर चालू ठेवतो, मग ऐकतो.

सूक्ष्म

@पाऊलवाट, माझा त्यावर विश्वास नाही. इतक्या लहान पडद्यात ऐकू येण्याजोगा बदल होतो याचा पटण्याजोगा पुरावा माझ्या वाचनात नाही. सरावतो तो मेंदू. आधी उजळ वाटलेली जोडी काही दिवसांनी साधी वाटते, आणि मग जुनी घातली की ती मंद वाटते.

पाऊलवाट

मला फरक ऐकू येतो, आणि तो नुसता सवयीचा आहे हे मला पटत नाही. टिप मऊ होते, ती नळीत जास्त नीट बसायला लागते, हाही बदलच झाला की. जोडीने कानात जागा करायला वेळ घेतला, मग तो पडद्यात असो वा रबरात.

सूक्ष्म

टिपचा मुद्दा मान्य. तो मापाने पडताळता येईल, नव्या आणि वापरलेल्या टिपवर तीच जोडी मोजून.

गोफ

याच्या दोन्ही बाजूंना चालेल असा उपाय: निकाल पहिल्या बैठकीत लावायचाच नाही. मी नवी जोडी नेहमीच्या कामाला लावतो आणि ऐकताना जोडीचा विचार करत नाही. काही दिवसांनी स्वतःला विचारतो, आपण ती मध्येच काढून ठेवतो का? आवाज सारखा कमी-जास्त करतो का? गाणं अर्ध्यावर बदलतो का? हात कानाकडे जायला लागला की त्या जोडीत काहीतरी सलतंय, मग ते कवच असो नाही तर ६ किलोहर्ट्झचा सुळका.

अर्धविराम

मध्येच विचारते, माफ करा. माझ्या जोडीत लॅपटॉपला लावल्यावर गायिका गायब होते! वाद्यं आणि घुमारा येतो, गाणं नाही. माइकचं बटण दाबून धरलं की सगळं नीट. जोडी बिघडली का?

गोफ

बिघडली नाही. चार पट्ट्यांच्या पिनमध्ये माइक आणि ग्राउंड यांच्या जागा दोन पद्धतींत एकमेकींच्या उलट असतात, सीटीआयए आणि ओएमटीपी. लॅपटॉप एक पद्धत धरून बसलाय, जोडी दुसरी. ग्राउंड सुटला की डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो, आणि गायिका दोन्हीकडे सारखी असते म्हणून ती वजा होते. पिन अर्धवट आत गेली तरी हेच होतं. माइक-हेडफोन वेगळं करणारं लहान अडॅप्टर लावा. आणि हो, ज्या जोड्यांची वायर दोन पिनांनी लागते त्यात एका बाजूची पिन उलटी घातली तरी असाच पण वेगळा गोंधळ: गायिका मध्ये न राहता पसरते आणि बासही विखुरल्यासारखा वाटतो. नवी वायर लावली की एकदा मोनो ध्वनिमुद्रण ऐकून आवाज कपाळाच्या मध्यभागी येतो ना ते बघावं.

सूक्ष्म

आणखी एक, कारण परीक्षणं यावर भरकटतात. अनेक आर्मेचर (एका प्रकारचे चिमुकले स्पीकर) असलेल्या जोडीचा विजेला होणारा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा एका सुराला १० ओहम आणि दुसऱ्याला ४० ओहम आहे, आणि तुमच्या उपकरणाचा स्वतःचा रोध १० ओहम. पहिल्या सुराला निम्माच विद्युतदाब मिळतो, दुसऱ्याला चार पंचमांश. दोन सुरांत ४ डेसिबलचा फरक पडला, आणि तो जोडीत नव्हताच. उपकरणाचा रोध जोडीच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असला की चिंता नको. एकच डायनॅमिक पडदा (नेहमीच्या स्पीकरसारखा) असलेल्या जोडीत रोध बहुतांशी सपाट, तिथे हा प्रश्न जवळजवळ येत नाही. तेव्हा ऐकताना कशाला लावली होती तेही लिहा.

कानोकानी

आवाज किती मोठा ठेवावा याबद्दल कोणी लिहिलं नाही, ते मी लिहिते, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा दंडक आठवड्याला ८० डेसिबल, ४० तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८३ ला २० तास, ८६ ला १०. मुलांसाठी ७५ डेसिबल. मंद्रसप्तक यांच्यासारखं कामच ऐकण्याचं असेल तर हे तास भराभर संपतात. चांगल्या सीलचा खरा फायदा इथे आहे. बाहेरचा गोंगाट अडला की आवाज वाढवावा लागत नाही. म्हणून मी लोकांना सांगते, जोडी शांत खोलीत पारखलीत तरी एकदा गोंगाटात घालून बघा, आणि व्हॉल्यूम किती वर गेला ते पाहा. फार वर गेला तर ती जोडी तुमच्या कानासाठी नाही, आवाज कितीही देखणा असो.

निळावंती

कानोकानी, हे घरातल्या मुलांना वाचून दाखवणार आहे. मनापासून आभार.

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार. सूक्ष्म यांचा मुद्दा पटला: आलेखाने आधी चाळणी लावायची, म्हणजे हातात घेऊन बघायच्या जोड्या कमी. पण हातात आल्यावर मात्र नोझलचा व्यास, मग ५० हर्ट्झचा सूर जबडा हलवत, मग मोठेपणा सारखा करून तानपुरा. परीक्षणातही याच क्रमाने लिहायला हवं असं मला अजूनही वाटतं.

एक प्रश्न राहिला. गाण्यासाठी चाचणी मिळाली, बोलण्यासाठी काय? उतरवून काढताना माझा वेळ शब्द पुन्हा ऐकण्यात जातो.

तारवाली

बोलण्यासाठी आपल्याच भाषेतल्या जोड्या वापरा. कोणाकडून तरी साध्या आवाजात म्हणवून घेऊन रेकॉर्ड करा: ताट-थाट, पळ-फळ, काल-काळ, मन-मण, साल-शाल. क्रम माहीत नसताना, कमी आवाजात ऐका आणि लिहून काढा. ज्या जोडीवर कमी चुकाल ती तुमच्या कामाची. 'स', 'श' आणि 'थ', 'फ' अशा महाप्राणातला श्वास हे बरेचसे वरच्या पट्ट्यात असतात, ते दबले की वाक्य कळतं पण शब्द निसटतो.

सूक्ष्म

तारवाली, उत्तम. त्यात भर: बास जास्त असलेली जोडी बोलण्यासाठी टाळा. खालचे मोठे सूर वरच्या हळू सुरांना झाकून टाकतात, उलट दिशेने तितकं होत नाही. मुलाखतीत मागे पंखा किंवा गाड्यांची घरघर असेल तर बासवाल्या जोडीत नेमकी व्यंजनं बुडतात. तुमच्याकडे एकच जोडी ठेवायची असेल तर बास माफक असलेली घ्या आणि संध्याकाळच्या खर्जासाठी इक्वलायझरवर १०० हर्ट्झच्या खाली थोडं वाढवा. सील चांगलं असेल तर इन-इअर ते सहज देतात.

पिंपळपान

@मंद्रसप्तक, दिवसभर वापरणार आहात म्हणून एक व्यवहाराचं. काही आठवड्यांनी एका बाजूचा आवाज मंद झाल्यासारखा वाटला तर लगेच जोडीला दोष देऊ नका, कानालाही नको. डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे घालून ऐका. मंदपणा त्याच इन-इअरबरोबर गेला तर त्याची जाळी मळाने बुजली आहे. जाळी खाली तोंड करून मऊ ब्रशने झटका, म्हणजे मळ आत जाणार नाही. टिप्स काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. मंदपणा कानातच राहिला तर कापसाची काडी घालू नका, कानोकानींसारख्या कोणाला तरी दाखवा.

कानोकानी

पिंपळपान, अगदी बरोबर. मळ आपोआप बाहेर सरकत असतो, रोज तासन्‌तास इन-इअर असला की त्याची वाट अडते. म्हणून कामाच्या मध्ये मध्ये कान मोकळे ठेवा, आणि नळीत ओल किंवा खाज असेल त्या दिवशी घालूच नका.

मंद्रसप्तक

नोंद केली. ताट-थाटची यादी आजच रेकॉर्ड करून घेतो. कोणाला हवी असेल तर इथेच फाइल देईन, म्हणजे सगळ्यांना एकाच आवाजावर तुलना करता येईल.

अर्धविराम

मला हवी. आणि अडॅप्टरने गायिका परत आली!